नवरीच्या नावातली वीट

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला परळच्या एका जुन्या गाळ्यात सात-आठ माणसं पैसे भरून स्वतःचं नाव उलटं वाचायला येतात. गाळ्याला 'स्टुडिओ' म्हणायचं असतं. आमच्या वेळी स्टुडिओ फोटोवाल्याचा असायचा आणि छापखान्याला प्रेस म्हणायचे. पण हल्लीच्या मुलांना प्रेस म्हटलं की इस्त्रीवाला आठवतो, तेव्हा स्टुडिओच बरा.

ह्या स्टुडिओतलं मराठी माझ्याकडे आहे. मी कुंदा कांबळे, वय अडुसष्ट. गिरगावातल्या एका वाडीतल्या प्रेसमध्ये बावीस वर्षं कंपोझिटर होते. प्रेस बंद पडली तेव्हा मला वाटलं, आता हे काम जगातूनच गेलं. मग मी पोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या, नातू सांभाळला, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीतून बिऱ्हाड उचलून टॉवरच्या तेविसाव्या मजल्यावर जाऊन बसले. तिथे एक दिवस सुनेने मोबाईल पुढे केला. कुणीतरी विचारलं होतं की मराठी टाइप हाताने जुळवता येणारं माणूस अजून शिल्लक आहे का. 'शिल्लक' हा शब्द वाचून मी आधी चिडले आणि मग फोन केला.

फोनवर ईरा होती. जाहिरात कंपनीतली चांगली नोकरी सोडून ह्या मुलीने भंगारातून एक ट्रेडल मशीन सोडवून आणलं. ट्रेडल म्हणजे शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं छपाईयंत्र, फक्त वजनाला हत्ती. आता लोक तिच्याकडे येऊन आपल्या नावाचे पत्रकागद, पाकिटं, कार्डं स्वतःच्या हाताने छापून नेतात. तिच्या आईला अजून हे पटलेलं नाही. मी आईच्या बाजूची आहे, पण शनिवारी जातेच.

कंपोझिटर काय करतो ते न सांगता पुढे गेले तर तुम्हाला काहीच कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक छोटा तुकडा. त्याच्या टोकाला अक्षर कोरलेलं असतं, तेही आरशात दिसावं तसं. ते तुकडे लाकडी ट्रेच्या कप्प्यांमध्ये वेगवेगळे ठेवतात. इंग्रजीचं बिऱ्हाड दोन ट्रेमध्ये मावतं. आपल्या मराठीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून अर्धी भिंत लागते. डाव्या हातात पितळी पट्टी, म्हणजे स्टिक, धरायची आणि उजव्या हाताने एकेक अक्षर उचलून तिच्यात उभं करायचं. ओळी जुळल्या की सुतळीने बांधायच्या, एक कच्चा कागद काढून चुका बघायच्या आणि मग मशीनवर चढवायचं. छपाई झाली की सगळं सोडवून प्रत्येक अक्षर पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी. आमच्या घरी बुद्धवंदना, पण 'श्री गणेशाय नमः' मी आयुष्यात जितक्या वेळा उभं केलंय तितकं आख्ख्या गिरगावात कुणी केलं नसेल.

शनिवारची गिऱ्हाइकं बघण्यासारखी असतात. एका मुलाने पहिलीच ओळ चुकवली आणि मला विचारलं, "काकू, अनडू कुठाय?" मी त्याच्या हातात चिमटा दिला. एका मुलीने आपल्या मांजरीच्या नावाचे शंभर पत्रकागद छापून नेले. मांजर कुणाला पत्र लिहिणार असं मी विचारलं, तर म्हणाली, "ती थोडी इंट्रोव्हर्ट आहे." एका साहेबांना नावाआधी, इंग्रजीत 'फ्रॉम द डेस्क ऑफ' असतं तसं, आपल्या 'टेबलावरून' असं छापून हवं होतं. बोलता बोलता कळलं की ते घरून काम करतात आणि टेबल नाही, पलंगावरच बसतात. मी खरं तेच छापूया म्हटलं, पण ते काही तयार होईनात.

आणि ह्यातला एकही जण पत्र लिहीत नाही. मी दर वेळी विचारते. कागद इतका सुंदर की त्यावर लिहायचं जिवावर येतं म्हणे. खोक्यात ठेवतात, खोक्याचा फोटो काढतात. मला ह्या लोकांना हसायची फार सवय लागली होती.

पहिल्या दिवशी मात्र हसं माझंच झालं. एका डेंटिस्ट मुलीची पन्नास कार्डं मी जीव ओतून छापली. काळीभोर शाई, काठ स्वच्छ, आणि कागद उलटा करून बघाल तर पाठीवर मागमूस नाही. गिरगावच्या प्रेसमध्ये ह्यालाच छपाई म्हणायचे. आमचे मशीनमन होते तुकाराम घाडी, मालवणकडचे, राहायला घोडपदेवला. आम्ही सगळे त्यांना घाडीमामा म्हणायचो. ते प्रत्येक कागदाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचे. जरा जरी उंचवटा लागला तरी मशीन थांबवायचे आणि म्हणायचे, "कागदाक कळता कामा नये, आपल्यार काय छापलां ता." त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं काढलेली मी. तेव्हा कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

त्या मुलीने कार्डावरून बोट फिरवलं आणि तिचा चेहराच पडला. "हे तर साध्या प्रिंटरवर काढल्यासारखं आहे," ती म्हणाली. ईराने मला बाजूला घेतलं.

"मावशी, रागावू नका, पण लोकांना तो खड्डा हवा असतो. बोटाला लागला पाहिजे."

मुंबईत खड्ड्यासाठी वेगळे पैसे मोजणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. छापायच्या कागदाखाली पॅकिंगचे दोन कागद जास्त घालून मी दाब वाढवला. अक्षरं कागदात अशी रुतली की मागून अंध माणसालाही वाचता यावीत. मुलगी खूश झाली. मी मनातल्या मनात घाडीमामांची माफी मागितली. आणि माफीचा विषय निघाला की मला एकच दिवस आठवतो, तेव्हा आता तो सांगते.

गोष्ट चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. लग्नसराई. आमच्या प्रेसचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, त्यांनी नाइलाजाने दोन बायका कंपोझिटर म्हणून ठेवल्या होत्या. एक मी आणि एक मालती. बायकांचं बोट चपळ चालतं हे त्यांना मान्य होतं. पण "बायकांना घड्याळ असतं," असं ते उठता-बसता म्हणायचे. म्हणजे पाच वाजले की ह्यांचं चित्त घरी, अशी त्यांची तक्रार. मालती ऐकून घ्यायची. मी उलटं बोलायची. बोलायला मला कधी कमी पडलं नाही.

लग्नसराईत अक्षरं कमी पडतात. एकाच वेळी सहा-सात पत्रिका जुळवून ठेवलेल्या असतात. प्रत्येकीत अक्षता, प्रत्येकीत नक्षत्रासारखी मुलगी. 'क्ष' तर मोजकेच असायचे. मग आम्ही एक युक्ती करायचो. जे अक्षर नाही त्याच्या जागी दुसरा कुठलाही तुकडा उलटा खोचायचा, डोकं खाली, बूड वर. कच्च्या कागदावर तिथे अक्षराऐवजी एक भरीव चौकोन उमटतो. तो दिसला की लक्षात राहतं, इथे अजून अक्षर बसायचंय. दुसरी पत्रिका छापून सुटली की तिच्यातलं अक्षर आणून इथे बसवायचं. जगातल्या सगळ्या प्रेसमध्ये असंच करत असतील. फक्त ते बसवायची आठवण ठेवावी लागते.

गिरगावातल्याच एका घरची तीनशे पत्रिकांची ऑर्डर होती. नवरीचं नाव सुलक्षणा. तिच्या नावातला 'क्ष' मिळेना म्हणून मी तिथे असाच एक तुकडा उलटा खोचला होता. दुपारी दुसरी पत्रिका सुटली, चार 'क्ष' मोकळे झाले, आणि मी साफ विसरले.

तरी चूक पकडली जाण्याची एक जागा बाकी होती. आमच्याकडे नियम होता पहिल्या कागदाचा. मशीनवर फर्मा, म्हणजे बांधलेल्या ओळींची चौकट, बसला, दाब जमला, की मशीनमन पहिला चांगला कागद घेऊन कंपोझिटरकडे यायचा. कंपोझिटरने तो अक्षर न् अक्षर वाचायचा आणि कोपऱ्यात पेन्सिलीने 'चालवा' लिहायचं. मगच मशीन चालायचं. शाई आणि दाब हा मशीनमनचा प्रांत, अक्षर हा आमचा. एकदा 'चालवा' लिहिलं की कागदावर हत्ती दिसला तरी मशीनमन विचारणार नाही. समजणार की हत्ती असेल.

पाचला दहा मिनिटं होती. मी पर्स खांद्याला अडकवली होती. घाडीमामा कुंकवासारख्या लाल शाईतला पहिला कागद हातात धरून आले. "बघ गो कुंदा."

मी म्हटलं, "मामा, पोराला ताप आहे हो, मला निघायलाच हवं." आणि कागद भिंतीला लावून, न बघता, 'चालवा' लिहून मोकळी झाले.

"जा, जा. पोराक बघ आधी," मामा म्हणाले.

सकाळी मी आले तर प्रेसमध्ये नवरीचे वडील. रात्री पत्रिका घरी गेल्या होत्या. पहिली पत्रिका रिवाजाप्रमाणे देवापुढे ठेवली, नमस्काराला म्हातारी आजी वाकली आणि तिथूनच ओरडली. सुलक्षणाच्या नावाच्या बरोबर मधोमध एक लालभडक वीट बसली होती. "माझ्या आईला चष्म्याशिवाय दिसतं आणि तुम्हाला चष्मे लावून दिसत नाही?" वडील ओरडत होते. "पोरीच्या नावात वीट घातलीत वीट! तिचं घर बांधायचंय की तिला चिणायचंय?"

अण्णांनी विचारलं, "पहिला कागद कुठाय?"

त्या कागदावर माझं अक्षर होतं. आणि मी तोंड उघडायच्या आधीच घाडीमामा म्हणाले, "पयलो कागद मी दाखवूकच नाय. उशीर झालो होतो. माझीच चूक."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी भुवई इतकीच वर केली की मला कळावं, गप्प रहा. मी, जिला बोलायला कधी कमी पडायचं नाही, ती गप्प राहिले. मला कळत होतं ते काय करतायत ते. पाचच्या आधी पर्स खांद्याला लावून न वाचता सही केली हे अण्णांना कळलं असतं तर मी गेले असतेच, माझ्यापाठोपाठ मालतीही गेली असती. नवीन पत्रिका मामांनी जेवणाची सुट्टी न घेता दुपारपर्यंत छापून दिल्या. लग्न व्यवस्थित झालं. पुढे सुलक्षणाच्या मुलाच्या बारशाची पत्रिकाही आमच्याकडेच आली, तेव्हा त्या घराने मनात काही ठेवलं नव्हतं.

मनात ठेवलं ते आमच्या भिंतीने. प्रेसच्या दाराशेजारी भिंतीत एक हूक होता. कुणाची मोठी चूक झाली की तो बिघडलेला कागद अण्णा त्या हुकाला लटकवायचे आणि खाली पेन्सिलीने चुकणाऱ्याचं नाव लिहायचे. पुढची मोठी चूक होईपर्यंत तो तिथे राहायचा. येणारं-जाणारं गिऱ्हाईक वाचायचं, हसायचं. आम्ही सगळे त्या हुकावर जाऊन आलो होतो. एकटे घाडीमामा कधी गेले नव्हते, आणि त्यांना त्याचा मोठा तोरा होता. नवीन कुणी कामाला लागलं की ते आधी हूक दाखवायचे आणि म्हणायचे, "हय माझा नाव सापडला तर माका सांग."

अण्णांनी विटेची पत्रिका लटकवली आणि खाली लिहिलं, 'घाडी'.

त्यानंतर तेवढी मोठी चूक कुणाच्याच हातून झाली नाही. त्यामुळे ती पत्रिका प्रेस बंद होईपर्यंत तिथेच राहिली. मामांनी कुणाला हूक दाखवणं सोडलं. मला मात्र पुढचा महिनाभर रोज सकाळी विचारायचे, "पोरगो बरो हा ना गो?" प्रेस बंद झाली तेव्हा मशीन भंगारात गेलं, टाइप वितळवायला गेले, आणि ती पत्रिका मी हुकावरून काढून पर्समध्ये घातली. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मामा तेव्हापासून घोडपदेवला घरी बसले. सणासुदीला मी फोन करायचे, तब्येत विचारायचे, आणि दर वेळी त्यांनी पोराचं विचारायच्या आत मीच फोन ठेवायचे.

आता ह्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. ईरा एक दिवस म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळ्यांची नावं जुळवता. आज मशीन रिकामं आहे. स्वतःचा पत्रकागद करा ना. माझ्याकडून भेट."

"मी कुणाला पत्र लिहिणार?" मी म्हटलं.

"कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर त्याला," ती सहज म्हणाली आणि शाईचा डबा उघडायला गेली.

मी उगाचच तिच्यावर चिडले. पण स्टिक हातात घेतली. तीन ओळी जुळवल्या. माझं नाव, इमारतीचं नाव, आणि खाली वरळी. मशीनवर चढवल्या आणि शनिवारच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला दाब तसाच ठेवून पहिला कागद काढला. छान खोल आला. ईराने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "आता पन्नास काढूया."

"नाही," मी म्हटलं. "आधी पहिला कागद दाखवून आणते."

"कुणाला?"

"मशीनमनला."

"मावशी, मशीनवर दुसरं काम चढवायचंय हो. शनिवारी वर्कशॉप आहे."

"मग शनिवारच्या आत आणते," मी म्हटलं आणि निघाले.

घोडपदेवला बसने गेले. कागद वहीत सपाट ठेवला होता आणि त्याच वहीत ती जुनी पत्रिका. मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. आता सत्त्याऐंशीचे आहेत. कान शाबूत, डोळ्यांना जाड भिंग. मला बघून म्हणाले, "इलंस? बस मगे." सून स्मिता चहा घेऊन आली. हसरी बाई. मी प्रेसमधली म्हटल्यावर तिला उत्साहच आला.

"म्हणजे तुम्हाला ती विटेची गोष्ट माहीतच असेल!" ती म्हणाली. "आमच्याकडे पाहुणा आला की ती निघतेच. माझ्या लग्नाच्या वेळी ह्यांचे काका म्हणाले, पत्रिका बाबांना नका देऊ, नवरीच्या नावात वीट घालतील. परवा माझ्या मुलाने शाळेत निबंधातसुद्धा लिहिलं!"

मामाही हसत होते. इतक्या वर्षांच्या सरावाने आलेलं हसू होतं ते, आणि मला ते बघवेना.

"स्मिता, ती वीट माझी," मी म्हटलं.

ती हसता हसता थांबली. मामा म्हणाले, "गप गो. खयची जुनी गोष्ट."

"मामांनी पहिला कागद मला दाखवला होता," मी म्हटलं. "मी न बघता 'चालवा' लिहिलं. मला वाचवायला ते अण्णांशी खोटं बोलले."

"पोराक ताप होतो तेच्या," मामा सुनेला म्हणाले. माझ्याच वतीने सफाई देत होते. "आवस ती. तेचा लक्ष खय लागतला?"

इथपर्यंत सोपं होतं. इथपर्यंत मी चूक करणारी होते, पण आई होते. इतकी वर्षं फोन घाईने ठेवायची ते पुढच्या वाक्यासाठी. मी चहाचा कप खाली ठेवला.

"ताप नव्हता, मामा," मी म्हटलं. "पोरगा खाली खेळत होता. दादरला साड्यांचा सेल होता, शेवटचा दिवस. सहाला दुकान बंद होणार होतं."

स्मिता आत जाऊ की थांबू अशी उभी होती. मामा भिंगातून माझ्याकडे बघत राहिले.

"मी रोज इचारीत होतंय तुका," ते हळू म्हणाले. "पोरगो बरो हा काय म्हणान."

"हो."

"म्हयनोभर."

"हो, मामा." मला रडू आलं. खोट्या तापाच्या धास्तीने मी त्या महिन्यात रोज रात्री पोराच्या कपाळाला हात लावून बघायची, तेही सांगणार होते, पण ते पुन्हा माझीच बाजू मांडल्यासारखं झालं असतं. मी नुसतं म्हटलं, "माझं चुकलं. वीट तर चुकलीच, पण हे जास्त चुकलं."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला.

"कसली घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"साडी गो."

"मोरपंखी," मी म्हटलं. "पहिल्याच धुण्याला रंग गेला."

मामा आधी नुसते खांद्यांनी हसले. मग मोठ्याने. मग त्यांना ठसका लागला आणि स्मिताने पाणी आणून दिलं. "माझा नाव टांगला साडयेसाठी," ते तिला सांगत होते, "आणि रंगय गेलो!" हे हसू सरावाचं नव्हतं. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला आत कुठेतरी वाटत राहिलं, अजूनही वाटतं. रागावले असते तर मी लवकर सुटले असते.

"तो कागद कुठे गेला, मामा?" मी विचारलं. "माझ्या सहीचा?"

"तेच्यात तंबाखू बांधलंय मी," ते म्हणाले. "दोन दिवस पुरलो."

मी वहीतून जुनी पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. लाल वीट अजून ताजी होती. शाई मामांची, ती कशाला उडते? खाली अण्णांच्या अक्षरात 'घाडी'. मामांनी नातवाच्या दप्तरातून खोडरबर मागवलं आणि आपलं नाव खोडलं. वेळ लागला, पण मला हात लावू दिला नाही. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी त्या जागी 'कुंदा' लिहिलं.

"आता दुसरो कागद दाखव," ते म्हणाले. "तू रडाक इलंस काय कामाक?"

मी पत्रकागद दिला. त्यांनी आधी तो उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. चेहरा असा झाला की जणू चहात मीठ पडलं.

"ह्यां काय गो? ह्यां वाचूचां की चाचपूचां?"

"आताच्या पोरांना असंच आवडतं, मामा. ह्याचेच पैसे देतात."

"तू आताचा पोर आसंस काय?" ते म्हणाले. "दाब कमी कर. पॅकिंगातले दोन कागद काढ." मग कागद सुलटा केला, भिंग नाकाजवळ ओढलं आणि बोट ठेवून वाचायला लागले. तीनच ओळी, पण त्यांनी एकेक अक्षर, एकेक काना वाचला. दोनदा वाचला. अक्षर हा त्यांचा प्रांत नव्हता आणि त्या दिवशी तो त्यांनी मुद्दाम घेतला. मी शिक्षा झालेल्या पोरीसारखी उभी होते. शेवटी त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीने वाकडंतिकडं 'चालवा' लिहिलं आणि खाली तारीख घातली.

परत येऊन मी पॅकिंगमधले दोन कागद काढले आणि पन्नास पत्रकागद छापले. ईराने एकाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"मावशी, काहीच लागत नाही."

"लागायला नकोच आहे," मी म्हटलं.

त्या पन्नासातला एकही मी अजून वापरलेला नाही. कपाटात खोक्यात ठेवलेत, आणि सुनेने खोक्याचा फोटोही काढला. गिऱ्हाइकांना हसायचा माझा हक्क त्यामुळे गेला आहे. जे सांगायचं होतं ते सांगून झालंय, हे कारण मी देते. तेही त्यांच्या कारणांइतकंच खरं असेल.

एक काम मात्र केलं. ईराच्या परवानगीने स्टुडिओच्या दाराशेजारी एक हूक ठोकून घेतला आणि विटेची पत्रिका तिथे लटकवली. गेल्या शनिवारी कुठल्याशा ॲप कंपनीतला एक मुलगा तिच्यासमोर उभा राहिला. हात मागे बांधून, प्रदर्शनात उभं राहतात तसा.

"काकू, हे भारी आहे," तो म्हणाला. "नावाच्या मध्येच तो रेड ब्लॉक. एकदम बोल्ड. माझ्या कार्डवर असंच करून द्या ना."

मग तो वाकला आणि खालची पेन्सिल वाचू लागला. "कुंदा. ही कुंदा कोण?"

मी हातातली स्टिक खाली ठेवली.

"मी," मी म्हटलं. "आणि ते डिझाईन नाही. ती माझी चूक आहे."